पासवर्ड घेतला, पण पडदा काळाच

“ताई, लॅपटॉप गेला.”

वीस तारखेची रात्र, साडेनऊ वाजलेले. सोलापूरहून मावसभावाचा फोन. तो कर सल्लागार आहे, आणि दर महिन्याला जीएसटीचं ‘थ्री-बी’ रिटर्न भरणाऱ्या बहुतेकांची मुदत वीस तारखेला संपते. तीन पार्ट्यांचं काम बाकी होतं आणि त्यांचे आकडे लॅपटॉपमधल्या एक्सेलच्या फायलींत. पासवर्ड टाकला, ‘वेलकम’ आलं, टिपक्यांचं चक्र फिरलं आणि मग सगळं काळंकुट्ट.

मी एकच विचारलं, “माऊसचा बाण दिसतोय का?”

“दिसतोय. हलतोयसुद्धा. बाकी काही नाही.”

“मग लॅपटॉप गेलेला नाही. आधी पाणी पी.”

हे मी नुसतं धीर द्यायला म्हटलं नव्हतं. लॉगिननंतरचा काळा पडदा दिसायला भयंकर असला तरी लॅपटॉपच्या दुखण्यांत तो बरा होण्यातला आहे. पण घाबरलेला माणूस तडक दुकान गाठतो, तिथे ऐकतो की “विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावा लागेल”, मान डोलावतो, आणि तासाभरात वर्षानुवर्षांच्या फायली पुसल्या जातात. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेचे दहा वर्षांचे फोटो असेच गेले. तिच्या लॅपटॉपची डिस्क ठणठणीत होती. फोटो जागच्या जागी होते, ते दाखवणारा पडदा तेवढा उघडत नव्हता. तिचा चेहरा मला अजून आठवतो, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. विंडोज 10 आणि विंडोज 11 या दोन्हींना यातलं जवळपास सगळं लागू पडतं.

एंटर दाबल्यावर आत काय होतं

पॉवरचं बटण दाबल्यावर मदरबोर्ड जागा होतो, रॅम तपासतो, डिस्कवरून विंडोजचा गाभा उचलतो, आणि मग घड्याळ व तुमचं नाव असलेला लॉगिनचा पडदा दिसतो. तो दिसला म्हणजे एवढी सगळी कामं बिनबोभाट पार पडली. रॅम मेली असती, डिस्क बंद पडली असती, तर गाडी इथपर्यंत आलीच नसती. बटण दाबल्यापासूनच काहीही न दिसणारा लॅपटॉप आणि पासवर्ड घेऊन मग काळा होणारा लॅपटॉप, हे दोन अगदी वेगळे रोगी आहेत. फोनवर सांगताना लोक दोघांनाही “स्क्रीन येत नाही” म्हणतात, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

लॉगिनचा कारभार ‘विनलॉगॉन’ नावाचा प्रोग्राम पाहतो. पासवर्ड जुळला की तो ‘युजरइनिट’ नावाच्या एका छोट्या प्रोग्रामला हाक मारतो. युजरइनिट तुमच्या खात्याची मांडामांड करतो, ‘एक्सप्लोरर’ सुरू करून देतो आणि निघून जातो. हा एक्सप्लोरर म्हणजे ज्यात आपण पिवळे फोल्डर उघडतो तोच. फोल्डर दाखवणं हे त्याचं एक काम झालं. खालची टास्कबार, स्टार्टचं बटण, डेस्कटॉपवरची चिन्हं, हा सगळा संसारही तोच मांडतो. त्याने आणि इतर प्रोग्रामनी रंगवलेल्या खिडक्या एकत्र करून चित्र पुढे पाठवणारा आणखी एक प्रोग्राम असतो, आणि ते चित्र प्रत्यक्ष स्क्रीनपर्यंत पोचवण्याची जबाबदारी ग्राफिक्स ड्रायव्हरची, म्हणजे ग्राफिक्सची चिप चालवणाऱ्या प्रोग्रामची.

नाटकाच्या प्रयोगासारखं समजा. तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला, आणि समोर नुसता अंधार. एक तर नेपथ्य मांडणारी माणसं आलेलीच नाहीत, किंवा नेपथ्य तयार आहे पण रंगमंचावरचे दिवे लागलेले नाहीत. एक्सप्लोरर म्हणजे नेपथ्य, ड्रायव्हर आणि स्क्रीन म्हणजे दिवे. दोन्ही वेळा प्रेक्षकाला दिसतो तो अंधारच, पण दुरुस्त करायची जागा वेगळी.

म्हणून बाणाचा प्रश्न. बाण दिसत असेल तर दिवे बहुधा चालू आहेत आणि शोध एक्सप्लोररच्या बाजूने घ्यायचा. बाणही नसेल तर आधी दिव्यांकडे बघायचं. हा ठोकताळा आहे, कारण ड्रायव्हर अर्धवट बिघडला तरी कधी कधी बाण तेवढा दिसत राहतो. पण सुरुवात कुठून करायची ते यातून कळतं.

बाणसुद्धा दिसत नसेल तर

कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागतो-विझतो आहे म्हणजे आतलं यंत्र जागं आहे. मग खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाईलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरा. अगदी फिकट, भुतासारखी चिन्हं दिसली तर विंडोज व्यवस्थित चालू आहे, स्क्रीनमागचा प्रकाश तेवढा गेला आहे. असं असेल तर विंडोजला हात लावण्यात काही अर्थ नाही, ते हार्डवेअरवाल्याचं काम. (प्रकाश कमी-जास्त करायची बटणं आधी दाबून बघा. प्रकाश तळाला गेला म्हणून दुरुस्तीला निघालेला लॅपटॉप मी पाहिला आहे.)

पुढचा संशय ‘भलत्याच स्क्रीनवर’चा. टीव्ही किंवा प्रोजेक्टर जोडला असताना ‘फक्त दुसरी स्क्रीन’ हा पर्याय निवडलेला असतो, वायर लागलेलीच राहते, टीव्ही बंद असतो, आणि आपण लॅपटॉपकडे बघत बसतो. आधी एचडीएमआयची वायर आणि डॉक (जास्तीच्या वायरी जोडायचा डबा) काढा. तरीही काही दिसलं नाही तर विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबा, खालच्या बाणाचं बटण एकदा दाबा, एंटर मारा आणि चार-पाच सेकंद थांबा. जमलं नाही तर पुन्हा तेच. हे अंधारात चाचपडत करायचं आहे, पण त्यात चार पर्यायांची यादी फिरते, आणि फिरता फिरता लॅपटॉपची स्क्रीन येते.

तिसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबायची. एक ‘टुक’ असा आवाज येतो, स्क्रीन क्षणभर लुकलुकते आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडलेल्या कामाला धक्का लागत नाही. झोपवलेला लॅपटॉप जागा करून लॉगिन केल्यावर काळा होत असेल तर याने पुष्कळदा काम भागतं.

शेजाऱ्याकडे मॉनिटर असेल तर तो जोडून बघा. त्यावर सगळं नीट दिसलं तर दोष लॅपटॉपच्या पडद्यात किंवा बिजागरीतून पडद्याकडे जाणाऱ्या पातळ केबलमध्ये. झाकण थोडं हलवल्यावर चित्र येत-जात असेल तर केबलच.

थोडं थांबणं हाही उपाय आहे

नुकतंच मोठं अपडेट झालं असेल आणि लॅपटॉपमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर एक्सप्लोरर यायला खरंच वेळ लागतो. लॅपटॉपमधल्या अशा बऱ्याच डिस्क मिनिटाला 5400 फेरे घेणाऱ्या असतात, आणि लॉगिनच्या क्षणी अँटीव्हायरस, अपडेट, क्लाउडची जुळवाजुळव, प्रिंटरचा प्रोग्राम हे सगळे एकाच वेळी तिच्यावर तुटून पडतात. कान लावला तर आतली कुरकुर ऐकू येते. अशा वेळी पंधरा-वीस मिनिटं चार्जर लावून तसंच ठेवा. बटण दाबून धरून बंद केलं तर अर्धवट राहिलेलं अपडेट आणखी बिघडतं.

दर वेळी असाच वेळ लागत असेल तर ती डिस्क बदलून एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, टाका. जुन्या लॅपटॉपवर खर्च करायचाच असेल तर मी आधी यावर करीन, विंडोज पुन्हा टाकण्यावर नाही.

तीन बटणं, आणि त्यानंतर

भावाच्या स्क्रीनवर बाण होता. एसएसडी होती, दहा मिनिटं होऊन गेली होती. मी म्हटलं, “कंट्रोल, ऑल्ट, डिलीट.”

निळसर पडदा आला, त्यावर ‘लॉक’, ‘स्विच यूजर’, ‘साइन आउट’, ‘टास्क मॅनेजर’. त्याला नवल वाटलं, कारण त्याच्या लेखी लॅपटॉप मेलेला होता. या तीन बटणांची कुळकथा सांगण्यासारखी आहे. 1981 साली आलेल्या आयबीएमच्या पीसीसाठी डेव्हिड ब्रॅडली या अभियंत्याने ती योजली, मशीन पुन्हा सुरू करायला. चुकून दाबली जाऊ नयेत म्हणून एकमेकांपासून लांब. पुढे विंडोज एनटीमध्ये त्यांना वेगळा मान मिळाला. ही बटणं दाबली की हाक थेट विनलॉगॉनकडे जाते, मधला कुठलाही साधा प्रोग्राम ती अडवू शकत नाही. म्हणूनच एक्सप्लोरर आडवा पडला असला तरी हा पडदा येतो. आणि तो आला, की विंडोज जिवंत असल्याची खूण पटते.

त्यातून टास्क मॅनेजर उघडायचा. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप या बटणांनी तो थेटही उघडतो. विंडोज 11 मध्ये वरच्या बाजूला ‘रन न्यू टास्क’ असं बटण दिसतं. विंडोज 10 मध्ये आधी ‘मोअर डीटेल्स’ दाबून मग ‘फाइल’ मेनूत तेच सापडतं. छोटी चौकट येते. तिच्यात इंग्रजीत एक्सप्लोरर, मग डॉट, मग ई-एक्स-ई असं टाइप करून एंटर.

इथे तीनपैकी एक होतं. पूर्ण डेस्कटॉप झळकला आणि टिकला, तर एक्सप्लोरर धडधाकट आहे, लॉगिनच्या वेळी त्याला हाक गेली नाही किंवा कुणीतरी अडवलं. डेस्कटॉप येऊन लगेच गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला, तर एक्सप्लोरर सुरू होऊन कोसळतो आहे. किंवा नुसती फोल्डरची एक खिडकी उघडते, टास्कबार येतच नाही.

भावाच्या बाबतीत तिसरं झालं. काळ्या पडद्यावर मधोमध फोल्डरची खिडकी, आणि तिच्यात त्याच्या तिन्ही पार्ट्यांच्या एक्सेल फायली. फोनवर मला त्याचा श्वास ऐकू आला. त्याच चौकटीतून क्रोम उघडता येतो हे सांगितल्यावर त्याने टास्कबारशिवायच पोर्टल उघडलं. “आधी रिटर्न भर, मग बघू कशाने झालं ते,” मी म्हटलं. नेपथ्य नसलं तरी नट उभे राहून संवाद म्हणू शकतात. घाईची वेळ असेल तर एवढ्यावर काम काढून घ्यावं, हे माझं ठाम मत आहे.

मोठ्या उपायांआधी फायली बाहेर

इथे जरा रेंगाळते, कारण लोक नेमकी हीच पायरी गाळतात.

टास्क मॅनेजर उघडत असेल तर ‘रन न्यू टास्क’मध्ये नोटपॅड टाइप करा. नोटपॅड उघडलं की त्यात ‘फाइल’, ‘ओपन’. जी खिडकी उघडते ती पूर्णपणे फोल्डर दाखवणारी खिडकीच असते. खालच्या कोपऱ्यात ‘टेक्स्ट’ऐवजी ‘ऑल फाइल्स’ निवडा म्हणजे फोटो, एक्सेल, पीडीएफ सगळं दिसायला लागेल. फोल्डरवर उजवं बटण दाबून ‘कॉपी’, मग त्याच खिडकीत पेनड्राइव्हवर जाऊन ‘पेस्ट’.

टास्क मॅनेजरसुद्धा येत नसेल तरी वाट बंद झालेली नाही. लॉगिनच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात पॉवरचं चिन्ह असतं. शिफ्टचं बटण दाबून धरून त्यातलं ‘रीस्टार्ट’ दाबायचं. दुरुस्तीचा निळा मेनू येतो. ‘सुरू होताना तीन वेळा बटण दाबून बंद करा’ हा सल्ला सगळीकडे दिला जातो. ज्यांना लॉगिनचा पडदाच दिसत नाही त्यांच्यासाठी तो आहे. आपल्याला पडदा दिसतोय, तर डिस्कवर तो अत्याचार कशाला?

त्या मेनूत ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘कमांड प्रॉम्प्ट’. काळी चौकट आली की तिच्यात नोटपॅड टाइप करा आणि वरचीच युक्ती. एक लक्षात असू द्या, इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात. नेहमीचा सी इथे डी म्हणून दिसेल, आणि एक्स नावाचा ड्राइव्ह या दुरुस्तीच्या यंत्रणेचा स्वतःचा असतो. ‘यूजर्स’ फोल्डरात आपलं नाव सापडलं की जागा बरोबर. कॉपी किती झालं हे दाखवणारी पट्टी इथे येत नाही. खिडकी गोठल्यासारखी वाटते, पण काम चालू असतं. चहा करून या, पण बंद करू नका.

या मेनूकडे जाताना अनेक लॅपटॉप 48 आकडी किल्ली मागतात. डिस्क विंडोजच्या ‘बिटलॉकर’ या सोयीने कुलूपबंद असल्याची ती खूण. मालकाने हे कुलूप स्वतः लावलेलं नसतं. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की अनेक नव्या लॅपटॉपवर ते आपोआप लागतं आणि किल्ली त्या खात्यात जमा होते. दुसऱ्या फोनवरून त्याच खात्यात शिरलं की उपकरणांच्या यादीत ती मिळते. कंपनीचा लॅपटॉप असेल तर किल्ली त्यांच्या आयटी विभागाकडे. लॅपटॉप धडधाकट असतानाच ती कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवा. किल्ली नसेल तर दुकानदार, कंपनी, कुणीच ती डिस्क उघडू शकत नाही.

सेफ मोड: कमीत कमी सामानानिशी

त्याच मेनूत ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ आणि मग ‘रीस्टार्ट’ दाबलं की आकड्यांची यादी येते. 4 दाबलं तर सेफ मोड, 5 दाबलं तर इंटरनेटसकट सेफ मोड. इथे पिन चालेलच असं नाही, म्हणून खात्याचा पासवर्ड जवळ ठेवा.

सेफ मोडमध्ये विंडोज इंटेल, एनव्हिडिया किंवा एएमडीचा भारी ड्रायव्हर बाजूला ठेवतं आणि स्वतःचा साधा ड्रायव्हर वापरतं. चिन्हं मोठी, रंग ओबडधोबड, पण पडदा येतो. सोबतच लॉगिनला आपोआप चालू होणारे प्रोग्रामही थांबलेले असतात. म्हणजे सेफ मोडमध्ये सगळं नीट चाललं तर दोष ड्रायव्हरचा किंवा अशा एखाद्या पाहुण्या प्रोग्रामचा. तिथेही काळंच असेल तर दोष विंडोजच्या फायलींत किंवा तुमच्या खात्यात.

सेफ मोडची ताकद साऱ्या जगाने 19 जुलै 2024 रोजी पाहिली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने 85 लाख विंडोज संगणक निळे पडले, विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. तो पडदा निळा होता, आपला काळा आहे. पण तिथेही हजारो मशीनवर माणसांनी सेफ मोडमध्ये शिरून एक फाइल हाताने पुसली, तेव्हा ती उठली. बिटलॉकरची किल्ली जवळ नसलेल्यांचे त्या दिवशी काय हाल झाले असतील, याची कल्पना आली असेलच.

ड्रायव्हरचा संशय असेल तर सेफ मोडमध्ये स्टार्टच्या बटणावर उजवं क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’खाली ग्राफिक्सचं नाव दिसेल, गेमिंगच्या लॅपटॉपवर दोन दिसतील. त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘ड्रायव्हर’ या टॅबवर ‘रोल बॅक’ असेल तर तो दाबा, आधीचा ड्रायव्हर परत येतो. ते बटण फिकट असेल तर ‘अनइन्स्टॉल’ करून रीस्टार्ट करा. स्क्रीन आल्यावर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नेमक्या आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाने जाहिराती करणाऱ्या फुकट प्रोग्रामांपासून लांब राहा. त्यातल्या कित्येकांनी रोग बरा करण्याऐवजी वाढवलेला मी पाहिला आहे.

पाहुण्या प्रोग्रामाचा संशय असेल तर टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ यादीतले सगळे बंद करा आणि एकेक चालू करत जा. कंटाळवाणं आहे, पण गुन्हेगार बहुधा सापडतो.

आणि एक्सप्लोरर येऊन-जाऊन करत असेल, तर कोण पाडतंय हे विंडोजने लिहून ठेवलेलं असतं. ‘रन न्यू टास्क’मध्ये इंग्रजीत पी-ई-आर-एफ-एम-ओ-एन, मग स्पेस, स्लॅश, आर-ई-एल. दिवसवार तक्ता उघडतो, बिघडल्या दिवशी लाल फुली असते. तिच्यावर क्लिक करून तपशील उघडले की ‘फॉल्ट मॉड्यूल नेम’ या ओळीत ज्या फाइलीचं नाव येतं ती बहुधा उजव्या बटणाच्या मेनूत घुसलेल्या एखाद्या झिप, पीडीएफ किंवा क्लाउडच्या प्रोग्रामची असते. तो प्रोग्राम काढला की प्रश्न सुटतो. काळा पडदा कालच्या अपडेटनंतर आला असेल तर निळ्या मेनूतलं ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ वापरा. ‘सिस्टिम रिस्टोअर’ आधीपासून चालू असेल तर त्याने लॅपटॉप बिघाडापूर्वीच्या तारखेला नेता येतो, फायली तशाच राहतात.

दुसऱ्या खात्याने लॉगिन केल्यावर सगळं नीट दिसत असेल तर विंडोजला दोष देऊ नका, तुमच्या खात्याची नोंद बिघडली आहे. नवं खातं काढून फायली तिकडे हलवणं हाच सरळ मार्ग.

विंडोजच्याच फायली खराब झाल्याचा संशय असेल तर ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून एस-एफ-सी, स्पेस, स्लॅश, ‘स्कॅननाऊ’. खराब फायली तो स्वतः बदलतो. अद्ययावत विंडोज 11 मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘रिकव्हरी’ इथे विंडोज अपडेटच्या मदतीने विंडोज पुन्हा बसवण्याची सोय आहे, तीत फायली आणि प्रोग्राम दोन्ही राहतात. ‘रीसेट’मधल्या ‘कीप माय फाइल्स’ने फायली राहतात पण प्रोग्राम जातात. टॅली वापरणाऱ्यांनी हा फरक नीट लक्षात घ्यावा. आणि ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ हा तोच फॉरमॅट, नाव तेवढं सौम्य.

भावाच्या लॅपटॉपचं काय झालं

सव्वाअकराच्या सुमारास त्याची तिन्ही रिटर्न्स गेली. मग आम्ही पुन्हा त्या खिडकीकडे वळलो. त्याच्या बायकोच्या खात्यानेही काळंच येत होतं, म्हणजे दोष एका खात्याचा नव्हता. सेफ मोडमध्येही तेच, म्हणजे ड्रायव्हरचा नव्हता. टास्कबार नाही, नुसती फोल्डरची खिडकी, यावरून मला एका जागेचा संशय आला.

लॉगिननंतर कोणता प्रोग्राम सुरू करायचा हे विंडोज गृहीत धरत नाही, रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतल्या, एका ओळीत लिहिलेलं वाचतं. त्याने आर-ई-जी-ई-डी-आय-टी टाइप केलं आणि मी सांगत गेले तसा उतरत गेला: एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, विनलॉगॉन. उजवीकडे ‘शेल’ नावाची ओळ.

“काय लिहिलंय तिथे?”

“एक्सप्लोरर नाही. टेम्प फोल्डरातलं कसलंतरी नाव आहे, नुसती आडवीतिडवी अक्षरं.”

मग त्याला आठवलं. आदल्या दिवशी अँटीव्हायरसने ‘एक धोका काढून टाकला’ असा निरोप दाखवला होता आणि त्याने ‘ओके’ दाबलं होतं. कोडं उलगडलं. व्हायरसने एक्सप्लोररच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं होतं. तो जिवंत होता तोवर आधी स्वतः चालू व्हायचा आणि मग एक्सप्लोररला सुरू करायचा, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. अँटीव्हायरसने फाइल पुसली, पण ओळ तशीच राहिली. आता विंडोज लॉगिनला नसलेल्या माणसाला हाक मारत होतं आणि उत्तर येत नव्हतं.

आधी विनलॉगॉनवर उजवं क्लिक करून ‘एक्सपोर्ट’ने नोंदीची प्रत काढायला लावली. रजिस्ट्रीत बदल करण्याआधी हे करायचंच. मग ‘शेल’ उघडून फक्त एक्सप्लोरर डॉट ई-एक्स-ई. शेजारची ‘युजरइनिट’ची ओळ तपासली, ती बरोबर होती. तिच्या शेवटी एक स्वल्पविराम असतो. तो मूळचाच आहे, चूक समजून काढू नका.

रीस्टार्ट केलं. पासवर्ड. वेलकम. आणि मग त्याच्या मुलीचा सायकलवरचा फोटो असलेला डेस्कटॉप.

काम तिथे संपलं नव्हतं. व्हायरस किती दिवस आत होता हे कळायला मार्ग नव्हता, आणि या लॅपटॉपवर पार्ट्यांचे पासवर्ड होते. विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडर या अँटीव्हायरसमधला ‘ऑफलाइन स्कॅन’ लावायला सांगितला. तो विंडोज सुरू व्हायच्या आधीच डिस्क तपासतो, त्यामुळे व्हायरसला लपणं अवघड जातं. स्कॅन चालू असताना भावाने मोबाईलवरून, लॅपटॉपला न शिवता, आधी ईमेलचा, मग बँकेचा, मग जीएसटीचा पासवर्ड बदलला. पार्ट्यांना सकाळी फोन करून त्यांचेही बदलायला लावले.

साडेबाराला त्याचा शेवटचा मेसेज आला. पेनड्राइव्ह कुठे कुठे लावला होता ते आठवत बसला होता. आठवड्यात एकदाच, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात, चलनाची प्रिंट काढायला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच तो तिथे गेला आणि शेजारी उभं राहून त्या माणसाच्या मशीनवरही तोच स्कॅन लावून आला.